जिभाऊंच्या अर्ध्या गाळ्याची एनओसी

आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बियर शॉपी येतेय ही बातमी आधी व्हॉट्सअ‍ॅपवर आली आणि तिथं आली म्हणजे अर्धवटच आली. एकाने लिहिलं बार, दुसऱ्याने वाईन शॉप, तिसऱ्याने तर सरळ "देशीचं दुकान" टाकून दिलं आणि खाली हात जोडलेले इमोजी. रात्री उशिरापर्यंत ग्रुप पेटलेला. सकाळी दुधाला गेले तेव्हा दुकानवाल्या जिभाऊंना विचारलं, खरं का हो, तर म्हणे, "ताई, अजून कशात काय नाही, नुसता अर्ज टाकलाय."

तर आधी हे सांगते की यातलं काय काय असतं, कारण ग्रुपवर भांडणाऱ्या निम्म्या लोकांना तेच माहीत नव्हतं आणि खरं सांगायचं तर मलाही हे सगळं सुरू झाल्यावरच कळलं. देशीच्या दुकानाचं लायसन म्हणजे सीएल-३, वाईन शॉपचं एफएल-२, परमिट रूमचं एफएल-३, आणि बियर शॉपीचं एफएल-बीआर-२. यातली देशी आणि वाईन शॉपची नवीन लायसनं राज्यात सत्तरच्या दशकापासून जवळपास बंदच आहेत, जी जुनी आहेत तीच हाताहाताने फिरतात, या गावातून त्या गावात हलवली जातात, त्यांचे भाव ऐकले तर आपण नोकरी कशाला करतो असं वाटावं. म्हणजे साध्या दुकानदाराला परवडण्यासारखं राहतं ते बियर शॉपीचं. सीलबंद बाटली विकायची, गिऱ्हाईकाला तिथं बसवून प्यायला द्यायचं नाही, असा नियम. नियम काय, नियम सगळेच चांगले असतात.

लायसन देतात जिल्हाधिकारी, फाईल फिरते राज्य उत्पादन शुल्क खात्याकडून, पण जागा ग्रामपंचायतीच्या हद्दीत असली तर ग्रामसभेचा ना हरकत ठराव लागतो. आणि इथंच आमची गंमत आहे. आमची कॉलनी तालुक्याच्या गावाला इतकी चिकटून आहे की नवा माणूस विचारेल हद्द कुठंय, पण आहोत आम्ही नगरपालिकेच्या बाहेर. कापसाच्या शेतात प्लॉट पडले, एनए झालं, पोर्चवाली घरं उठली, शिक्षक, एसटीवाले, बँकवाले, पोलीस असे सगळे नोकरदार येऊन राहिले. पाण्यासाठी, गटारीसाठी ग्रामपंचायतीला शिव्या देणारे आम्ही, पण ग्रामसभेला जाणारं आमच्यातलं कोणी नाही. ग्रामसभा म्हणजे गावठाणातल्या लोकांचं काम, घरकुलाच्या याद्या आणि विहिरीची भांडणं, आपल्याला काय करायचंय, असं एकंदर धोरण.

जिभाऊंबद्दल आधी बोलायला हवं, नाहीतर हा लेख उगाच दारूवाला विरुद्ध आयाबहिणी असा होईल आणि तसं काही नव्हतं. जिभाऊ माळकरी नसले तरी सरळ माणूस. पंचवीसेक वर्षांचं दुकान. तालुक्याला मोठं मार्ट झालं तेव्हापासून महिन्याचं सामान तिकडून यायला लागलं, पोरं साबण-शाम्पू मोबाईलवर मागवतात, आणि जिभाऊंकडे उरलं ते सुटं गिऱ्हाईक आणि उधारीवालं गिऱ्हाईक. पाच रुपयाची कढीपत्ता-कोथिंबीर, दहाचं खोबरं, पाव किलो शेंगदाणे. उधारी "कापूस विकला की देतो" या बोलीवर चालते आणि कापसाचा भाव काय होतो हे खान्देशात कोणाला सांगायला नको. त्यांची ती लाल कापडी पुठ्ठ्याची लांबडी वही, तिच्यात नावं नसतात, खुणा असतात, "निळं गेट", "मास्तर", "कंडक्टरची वहिनी". मी तिच्यात "पतसंस्था" आहे. तर त्यांचा मुलगा बीकॉम होऊन बसलाय, त्याने कुठून तरी हिशेब आणला की किराण्यात साखरेच्या पोत्यामागे जेवढं सुटतं तेवढं बियरच्या दोन-चार खोक्यांत सुटतं, आणि बियरवाला उधारी मागत नाही. हे शेवटचं कारण मला एकदम पटलं. दारूला कोणी उधार मागत नाही, उधार मागतात ते तुरीच्या डाळीला.

पण दुकान काही फक्त जिभाऊंचं नाही ना. कागदावर आहे, सातबाऱ्याला म्हणा आठ-अला म्हणा त्यांचंच आहे, पण त्या दुकानाच्या पायरीवर संध्याकाळी सहा ते आठ कोण असतं ते बघा. शिकवणीहून येणाऱ्या मुली सायकली लावून पेप्सीकोला खातात. कंडक्टरची वहिनी मेथीची जुडी निवडत निवडत सासूबद्दल बोलते. ज्या सुनेला घरातून "कुठं चालली" शिवाय बाहेर पडता येत नाही तिलासुद्धा "जिरं संपलंय" एवढ्या सबबीवर त्या पायरीवर अर्धा तास मिळतो. आमच्या कॉलनीत बाग नाही, वाचनालय नाही, महिला मंडळ आहे पण ते हळदीकुंकवापुरतं. बायकांना उभं राहायला जागा म्हणाल तर ती पायरी. त्याच गाळ्याच्या दुसऱ्या अर्ध्यात बियर आली तर संध्याकाळी सहा ते आठ हाच तिचाही धंद्याचा टाईम. कोणी त्रास देईलच असं नाही हो, पण चार मोटरसायकली स्टँडला लागल्या आणि चार जण पाठीमागे खोकं लावत उभे राहिले की जिरं संपलेली सून घरातच राहणार, किंवा सासराच म्हणणार, राहू दे, मी आणतो. भांडण न होता, कोणी कोणाला वाईट न बोलता पायरी रिकामी होणार. हे कुठल्या अर्जावर कसं लिहायचं ते मला अजून कळलेलं नाही.

महिला ग्रामसभा असते हे कितीजणींना माहीत आहे? प्रत्येक नियमित ग्रामसभेच्या आधी बायकांची वेगळी सभा घ्यायची असं कायद्यातच आहे, १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात. बऱ्याच गावांत ती रजिस्टरवर होते, म्हणजे अंगठे आणि सह्या घरोघरी फिरून घेतल्या जातात. यावेळी मात्र शाळेच्या वर्गात खरोखरच भरली, कारण कॉलनीतल्या आम्ही बायका पहिल्यांदाच झुंडीने गेलो. आम्ही समोरच्या बाकांवर, गावठाणातल्या बाया मधे, आणि भिलाटीतल्या, म्हणजे भिल्ल वस्तीतल्या, चार-पाच जणी दाराशी खाली बसलेल्या. खुर्चीवर सरपंचबाई, आणि दाराबाहेर त्यांचे मिस्टर मोबाईलवर बोलत येरझाऱ्या घालतायत, ते सगळीकडे तसंच असतं.

आमच्यातल्या एका मॅडमनी छान भाषण केलं. संस्कार, येणारी पिढी, व्यसनमुक्ती. अमळनेर आमच्याहून फार लांब नाही म्हणून साने गुरुजी आले, फैजपूरही जिल्ह्यातच म्हणून १९३६ चं काँग्रेस अधिवेशन आणि गांधीजीही आले. टाळ्या पडल्या. मग दाराशी बसलेली एक बाई बसल्या जागेवरून म्हणाली, "ताई, तुम्हना दुकानले लायसन तरी लागस. आम्हनाकडे बिनलायसनना घरोघर शे, ते बंद करा असं कोनी बोलत नही." वर्ग गप्प झाला. मॅडम पाणी प्यायल्या. गावठाणातल्या एकीने मग वातावरण हलकं केलं, म्हणे मन्हा नवरा पार तालुकाले जाईसन पेस, आते घरजोडे भेटी तं लवकर तरी घर येई. सगळ्या हसल्या, ती स्वतः हसली नाही.

मला तेव्हापासून त्या दाराशी बसलेल्या बाईचं बोलणं सुटत नाही. कारण ती बरोबर बोलली. आमच्याकडे हुरडा नाही पण हिवाळ्यात भरीत पार्टी असते, केळीच्या बागेत नाहीतर मळ्यात, वांगी भाजायची, कळण्याची भाकरी, आणि त्या पार्टीत भरीताबरोबर काय काय असतं हे आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, आमचेच नवरे-भाऊ असतात तिथं. कॉलनीतल्या माणसाने प्यायलं तर पार्टी आणि भिलाटीतल्याने प्यायलं तर व्यसन, हा हिशेब आम्हीच केलेला. शेवटी महिला सभेचा ठराव झाला तो "बियर शॉपीस विरोध आणि गावातील अवैध दारू बंद करावी" असा जोडून झाला, आणि ती दुसरी ओळ तिच्यामुळे आली.

मग मुख्य ग्रामसभा. गणपूर्ती म्हणजे एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, दोन्हीतलं कमी असेल ते. आमच्या एवढ्या मोठ्या गावात शंभर माणसं जमेनात. आम्ही बायकांनी समजूत करून घेतली होती की आपला ठराव झाला, विषय संपला. पुरुष मंडळी ड्युटीवर. गणपूर्तीअभावी सभा तहकूब. आता यातली मेख ऐका, तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अट नसते. जेवढे येतील तेवढ्यांत कामकाज. आणि विषयपत्रिकेवर बियर हा शब्द कुठंच नव्हता, विषय होता "विविध व्यवसायांसाठी ना हरकत दाखले देणेबाबत". पिठाची गिरणी, मोबाईल टॉवर आणि जिभाऊ एकाच ओळीत. नंतर मी इतिवृत्ताची नक्कल काढली. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, "सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर". खाली सह्या मोजल्या तर एका लग्नाच्या पंगतीची एक रांगही भरली नसती. महिला सभेच्या ठरावाचा उल्लेख होता, "वाचून नोंद घेण्यात आली" असा.

यात कोणी पैसे खाल्ले का, असं कॉलनीत सगळे विचारतात. मला वाटतं खायची गरजच पडली नसेल. रिकाम्या सभागृहात ठराव पास करायला काय लागतं?

नंतर मोजणी. शाळा, देवस्थान, बसस्टँड अशा ठिकाणांपासून ठरावीक अंतराच्या आत लायसन देता येत नाही, आणि ते अंतर मोजायचं सरळ रेषेत नाही, तर माणूस चालत जाईल त्या जवळच्या वाटेने, दुकानाच्या दाराच्या मध्यापासून ते शाळेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत. दोन माणसं टेप घेऊन आली. जिभाऊंचा गाळा कोपऱ्याचा, त्याला पुढून रस्ता आणि मागून बोळ. शॉपीच्या नकाशात दार दाखवलं होतं बोळात. म्हणजे शाळेत जायला आधी बोळ संपवायचा, वळसा घालायचा, मग रस्ता. तेवढ्या वळशात अंतर बसलं. आमच्यातल्या एका काकांनी समोरचं मारुतीचं देऊळ दाखवलं, म्हणे हे तर पंधरा पावलांवर आहे. साहेबांनी शांतपणे विचारलं, ट्रस्ट नोंदणी आहे का? कारण नियमाला देऊळ दिसतं ते सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेखाली नोंदलेलं असलं तर. आमचा मारुती प्लॉट पडायच्या आधीपासूनचा, शेताच्या बांधावरचा, त्याला शेंदूर कॉलनी लावते आणि कानबाईच्या वेळेला रोटाचा नैवेद्यही तिथं जातो, पण धर्मादाय आयुक्तांच्या रजिस्टरात तो नाही. तर मारुती मोजणीत धरला नाही. काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. पायरी नोंदलेली नाही, मारुती नोंदलेला नाही, आणि आम्ही बायका नोंदलेल्या आहोत त्या "नोंद घेण्यात आली" एवढ्याच.

तसं बघितलं तर सगळ्या राज्याचाच दारूशी व्यवहार असा वळशावळशाचा आहे. कायद्याचं नाव १९४९ पासून दारूबंदी कायदा, आणि त्याच कायद्याखाली लायसनं वाटली जातात. प्यायलाही परवाना लागतो, एक दिवसाचा ५ रुपयाला, आयुष्यभराचा १००० ला, तो कितीजणांच्या खिशात असतो ते विचारू नका. आमच्या नवापूरच्या रेल्वे स्टेशनात अर्धा प्लॅटफॉर्म महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत, तिकडे बंदी, म्हणजे एकाच बाकड्याच्या एका टोकाला जे चालतं ते दुसऱ्या टोकाला गुन्हा. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०१६ मध्ये हायवेपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकानं नकोत म्हटलं, १ एप्रिल २०१७ पासून शटर पडली, तर दुकानं हलवण्याऐवजी ठिकठिकाणी रस्त्याचाच दर्जा बदलायची शक्कल निघाली, आणि आपल्या जळगावात त्या रस्त्यांच्या अवर्गीकरणावरून केवढा गदारोळ झाला होता ते लोकांना आठवत असेल. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन ठेवायचा निर्णय झाला होता, "किराणा दुकानात दारू" म्हणून एवढी बोंब झाली की तो तसाच राहिला. आणि २०२५ च्या जूनमध्ये दारूवरचं शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला १४,००० कोटी जास्तीचे मिळतील असा हिशेब होता. ज्या घराला दारूतून एवढं उत्पन्न येतं ते घर जिभाऊंना कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

म्हणून मला बंदीवाल्यांच्या भाषणांचा उत्साह येत नाही. वर्धा, गडचिरोली बंदीत आहेत, चंद्रपूर २०१५ ला बंदीत गेलं आणि २०२१ ला बाहेर आलं, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलता येतं. माझा मुद्दा फार छोटा आहे. त्याच मारुतीपासून तीन गल्ल्या पलीकडे, मार्केट यार्डाच्या रस्त्याला, जिथं ट्रॅक्टर-ट्रॉलीवाले थांबतात तिथं जिभाऊंनी शॉपी टाकली असती तर मी एका कागदावरही सही केली नसती. मी त्यांना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "ताई, तिथं गाळ्याचं डिपॉझिट कोण भरेल? हा घरचा आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता सगळे म्हणतायत, येऊ द्या दुकान, मग आडवी बाटली करू. ते ऐकायला जोरदार वाटतं. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी म्हणजे बंद करा. पण बंद करायला निम्म्याहून जास्त मतं लागतात ती यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या, त्या दिवशी येऊन मत टाकणाऱ्यांच्या नाही. मी यादी काढून बघितली. आमच्या प्रभागाची पानंच्या पानं अशा बायांची आहेत ज्या नवऱ्याबरोबर सुरतेला कामाला आहेत आणि दिवाळीला येतात. लग्न होऊन गेलेल्या मुली अजून माहेरच्याच यादीत. दोन तर अशा आहेत ज्यांच्या दहाव्याला मी गेले होते. न येणारी प्रत्येक बाई, मग ती सुरतेला असो की वर, उभ्या बाटलीच्या खात्यात. दुकान आणायला तहकूब सभेतली पंगतीची अर्धी रांग पुरते आणि घालवायला अख्ख्या यादीच्या निम्म्या बाया स्टँडवरून, शेतातून, परगावाहून आणून रांगेत उभ्या करायच्या. हा कायदा लिहिणाऱ्याने कधी मजुरीच्या दिवशी मतदान केलं होतं का, असं विचारावंसं वाटतं. तरी काही गावांतल्या बायकांनी हे करून दाखवलंय, त्यांना माझा दंडवतच.

मोठ्या शहरांतल्या सोसायट्यांचं बरं झालं, २०२५ च्या मार्चमध्ये विधानसभेत जाहीर झालं की सोसायटीच्या गाळ्यात नवीन दारूचं दुकान टाकायचं तर सोसायटीची एनओसी लागेल. आमच्या कॉलनीत सोसायटी नाही, नुसती गणपती मंडळाची पावतीपुस्तकं आहेत.

तर सध्याची परिस्थिती अशी. फाईल जिल्ह्याला आहे. आम्ही हरकत घेतलीय, तिच्यासोबत महिला सभेच्या ठरावाची नक्कल, तहकूब सभेच्या हजेरीची नक्कल, बोळातल्या दाराचा फोटो आणि जुन्या दाराचा फोटो लावलाय. काकांनी मारुतीच्या ट्रस्टची कागदं जमवायला घेतलीत, त्यांचा ध्यास वेगळाच आहे. भिलाटीतल्या त्या बाईला भेटायला आम्ही दोघी गेलो होतो, अवैध दारूचा वेगळा अर्ज तिच्याच नावाने द्यायचा ठरलाय, ती म्हणाली नाव टाका पण पोलीस आले तर तुम्ही पण या. मी हो म्हटलंय. जिभाऊंशी बोलणं चालू आहे, वहीत माझी मागच्या महिन्याची बाकी आहे ती त्यांनी मागितली नाही आणि मी मुद्दाम लगेच देऊन टाकली नाही, उगाच काहीतरी तुटल्यासारखं व्हायला नको.

सुनावणीचं पत्र आलं की कलेक्टर ऑफिसला जायचंय. कॉलनीतल्या ज्यांनी ज्यांनी ग्रुपवर हात जोडलेत त्यांना मी विचारून ठेवलंय, एसटीने जायचं का गाडी करायची. आतापर्यंत तिघींनी सांगितलंय येतो म्हणून. गाडी सांगायची तर निदान सात जण हवेत, नाहीतर एसटीच परवडते.